दारुमाचा दुसरा डोळा

“पमे, या बाहुलीला दुसरा डोळा कुणी काढला?”

भाऊंनी हे अगदी हळू आवाजात विचारलं. भाऊ पाथरे ओरडले तर कारखान्यात कुणी घाबरत नसे. आवाज खाली आला की मात्र सगळ्यांची धांदल उडायची. चौदा माणसं एकदम कामात बुडाली. कुणी रंगवून झालेला मुकुटच पुन्हा रंगवायला घेतला. मी छताकडे बघत राहिले, जसा काही तो डोळा पालीनेच काढला असावा.

“वर काय बघतेस? तुला विचारतोय.”

“एकच काढलेला होता भाऊ. मी पुरा केला. बघवत नव्हतं.”

“कुठल्या ब्रशने?”

ब्रश अजून माझ्या वेणीत खोचलेला होता आणि तो भाऊंचा होता.

ज्यांची बाहुली, त्या ओकाबेबाई खिडकीपाशी स्टुलावर आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. तोंडावर हात घट्ट धरलेला आणि खांदे नुसते गदगदत होते. म्हातारं माणूस, जपानहून एवढ्या लांब आलेलं, आणि मी तिला रडवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही सत्त्याण्णव सालच्या श्रावणातली गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पेणला भाऊंच्या गणपतीच्या कारखान्यात मला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं मी पितांबर रंगवले, शेले रंगवले, उंदरांच्या शेपट्या रंगवल्या. डोळे मात्र फक्त भाऊ काढायचे. डोळ्यांच्या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात, आणि आखणी म्हणजे कारखान्याची अब्रू. मूर्ती कितीही सुरेख असो, डोळा चुकला की गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

मला त्या कामाचं वेड लागलं होतं. मी कशावरही डोळे काढायची. रद्दीवर, पाटाच्या मागे, स्वतःच्या हातावर. आमच्या आईने एकदा भाजीला दुधी काढला तर तो तिच्याकडे बघत होता. तिने किंकाळी मारून शेजारपाजार गोळा केला. दर वर्षी हंगाम आला की मी रोज भाऊंसमोर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, “भाऊ, यंदा?” आणि भाऊ मान वर न करता म्हणायचे, “अजून नाही.”

का नाही, ते कधी सांगितलं नाही. माझा हात वाईट होता असं कुणीही म्हणालं नसतं. शेवटी त्या वर्षी, ओकाबेबाई येऊन आठवडा झाल्यावर, ते कसेबसे वळले. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून एकफुटी मूर्तींची शेवटची फळी माझी, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. दोनशे मूर्ती, चारशे डोळे. मी दिवस मोजत होते. त्यातले दहा उरले असताना मी हा उद्योग केला.

ओकाबेबाई साठीच्या, बुटक्या, टापटीप. त्यांच्या घरात तीन पिढ्या दारुमा बनवायचं काम चाललेलं. दारुमा म्हणजे कागदाच्या लगद्याची लाल बाहुली, नारळाएवढी, हात नाहीत, पाय नाहीत, बुडाला वजन. ढकलली की पडते आणि लगेच उठून बसते. चेहरा मात्र असा रागीट की सासऱ्याचा फोटो वाटावा. भुवयांत सारस पक्षी असतो आणि दाढीमिशांत कासव, असं सांगतात. बाई चाळीस वर्षं त्या भुवया आणि मिशा रंगवत होत्या. आमची डोळ्यांची पद्धत बघायची म्हणून महिनाभर आल्या होत्या आणि भाऊंच्या माडीवर राहत होत्या.

दुभाषे होते पुण्याचे केतकर. तिकडच्या एका कारखान्यात नोकरी करता करता जपानी शिकले आणि निवृत्तीनंतर तेच करत होते. ते फक्त शनिवारी यायचे. बाई पाच मिनिटं बोलल्या की केतकर म्हणायचे, “छान आहे म्हणतात.” आठवड्याचे बाकीचे दिवस आमचं सगळं हातवाऱ्यांवर. बाईंना मराठीचे तीनच शब्द येत होते. बस, चहा, आणि अजून नाही. तिसरा त्यांना कुणी शिकवला नव्हता. कारखान्यात बसून बसून कानावर पडला होता.

येऊन चार दिवस झाले आणि त्यांनी फळीच्या टोकाला ती बाहुली आणून ठेवली. उजव्या डोळ्याच्या जागी काळा ठिपका, डावा कोरा पांढरा. मी बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्या कारखान्यात एक नियम होता, तो भाऊंच्या वडिलांपासूनचा. एक डोळा काढून उठायचं नाही. दारात पाहुणा येवो, चुलीवर दूध उतू जावो, दुसरा डोळा पुरा केल्याशिवाय बैठक मोडायची नाही. एका डोळ्याने देवाला अर्धवट जगात आणून ठेवायचं, हे पाप मानायचे. आणि इथे ही बाई एक डोळा काढून खुशाल चहा पीत होती!

मी दोन आठवडे दम धरला. माझ्या हिशेबाने ते खूप झालं. त्या मंगळवारी भाऊ अलिबागला गेले, दुपारी बाई जेवून माडीवर पडल्या. मी भाऊंच्या डब्यातला शून्य नंबरचा ब्रश घेतला, बाहुली मांडीवर घेतली, श्वास रोखला आणि डोळा काढून टाकला. हात जरासुद्धा हलला नाही. आखणी मला एकच येत होती, ती गणपतीची. तेव्हा उजवीकडे बाईंचा वाटोळा, वटारलेला काळा ठिपका, आणि डावीकडे पेणचा डोळा. लांबट, कमळाच्या पाकळीसारखा, वरून अर्धी उतरलेली पापणी, कोपऱ्यात गुलाबी छटा. एका बाजूने बघितलं तर बाहुली खेकसत होती, दुसऱ्या बाजूने ‘जेवलीस का गं?’ असं विचारत होती. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

पुढचं सांगितलंच. बाई खाली आल्या, बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि पाठ फिरवून बसल्या. तेवढ्यात भाऊ दारात.

भाऊंनी पुण्याला केतकरांना फोन लावला. तेव्हाचा तो काळा फोन. पलीकडचं फक्त त्यांनाच ऐकू येत होतं, पण ते प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत होते, आणि ऐकणारी चौदा माणसं होती, पंधरावी मी.

“हां... एक डोळा काढताना मनात काहीतरी मागायचं... बरं... आणि दुसरा? काय म्हणता! मागितलेलं मिळाल्यावरच? त्याआधी नाही? कधीच नाही?” प्रत्येक वाक्याला भाऊ माझ्याकडे बघत होते. “मग तो दिवसभर एकाच डोळ्याने... हां हां, वर्षभर. मालकाला आठवण राहावी म्हणून. कारागीर डोळे काढतच नाहीत? दोन्ही कोरे ठेवून विकतात? चाळीस वर्षांत या बाईंनी एकही... बरं. बरं. तुम्ही शनिवारी या.”

फोन ठेवला. बाईंकडे वळून हात जोडले. मग मला म्हणाले, “त्यांनी देवापाशी काहीतरी मागितलंय. ते मिळायच्या आत तू परस्पर पावती फाडून मोकळी झालीस.”

“भाऊ, मला माहीत नव्हतं.”

“विचारलंस का?”

“भाषा येत नाही, कसं विचारणार?”

“येत नाही तर गप्प बसायचं. थांबता येत नाही तुला, हेच तर...” ते तिथेच थांबले. मग चौदा जणांसमोर त्यांनी निकाल दिला. “बाईंची इच्छा पुरी होईपर्यंत डोळ्याच्या ब्रशला तुझा हात लागणार नाही. एकफुटी मीच करीन. ब्रश दे इकडे.”

मी वेणीतून ब्रश काढून दिला. भाऊंनी शब्द दिला की तो दगडावरची रेघ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून मागच्या अंगणात गेले आणि रडून घेतलं.

पण रडत बसणारी मी नव्हे. इच्छा पुरी व्हायला हवी ना? करते पुरी. फक्त ती काय आहे ते कळायला हवं.

शनिवारी केतकर आले, तशी मी त्यांना दारातच गाठलं. त्यांनी बाईंना विचारलं. बाई माझ्याकडे बघून बराच वेळ बोलल्या. केतकर म्हणाले, “सांगत नाहीत.”

“एवढ्या बोलल्या त्या!”

“मागणं बोलून दाखवायचं नसतं, अशी त्यांच्या घरची रीत आहे.”

“आणि भाऊंनी माझा ब्रश काढून घेतला, ते सांगितलंत का त्यांना?”

केतकरांनी चष्मा पुसला. “घरातली भांडणं पाहुण्यांच्या कानावर कशाला घालायची? बरं नाही दिसत.”

असा सभ्यपणा मला आजतागायत परवडलेला नाही.

मग मीच शोध सुरू केला. म्हटलं, साठीचं माणूस काय मागणार? आधी खाण्यापासून सुरुवात केली. त्याच दुपारी घरून उकडीचे मोदक नेले. बाईंनी चार खाल्ले, बोटं चाटली. मी बाहुलीच्या नव्या डोळ्याकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. हे? हेच का?

बाई गोड हसून म्हणाल्या, “अजून नाही.”

त्याच शनिवारी मोदकांवरून एक विषय निघाला. केतकर म्हणाले, बाईंच्या गावातल्या देवळातही गणपती आहे.

“जपानात?” भाऊ ताडकन उठले.

“हो. पण तो लाकडी कपाटात बंद असतो. फार कडक देव समजतात. पुजाऱ्याशिवाय कुणी बघायचं नाही. बाईंनी जन्मात पाहिलेला नाही. नैवेद्याला मुळा असतो.”

“मुळा?” भाऊंचा चेहरा पडला. “गणपतीला? कच्चा?”

पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सापडलं! बाईंना त्या देवाचं तोंड बघायचं असणार. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून मागच्या गोदामात नेलं. तिथे पंधराशे गणपती फळ्यांवर ओळीने बसलेले. लालबागच्या गर्दीत हरवल्यासारख्या बाई प्रत्येकासमोर वाकून नमस्कार करत चालल्या. तिसऱ्या फळीपर्यंत त्यांची कंबर धरली. मी विचारलं, हेच ना?

“अजून नाही,” बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या.

मी त्यांना खाडीवर नेलं. पोह्याचे पापड लाटायला बसवलं. नऊवारी नेसवून फोटो काढला. त्या फोटोत बाई इतक्या खूश दिसत होत्या की मला वाटलं, झालं काम. अजून नाही. दर खेपेला बाईंना जास्तच हसू यायचं आणि दर खेपेला माझं तोंड जास्तच लहान व्हायचं. इकडे भाऊ रोज एकफुटी मूर्तींच्या फळीवरची धूळ झटकायचे, तेव्हा मी मान वळवून उंदरांच्या शेपट्या रंगवायची.

नारळी पौर्णिमा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना मुंबईला विमानतळावर न्यायला केतकर टॅक्सी घेऊन आले. सगळा कारखाना निरोपाला उभा होता. भाऊंनी बाईंना म्हटलं, आवडेल ती मूर्ती घेऊन जा. बाई सरळ एकफुटींच्या फळीपाशी गेल्या. एक उचलली, डोळे कोरे असलेली. आणून माझ्यासमोर पाटावर ठेवली. मग भाऊंकडे वळून वाकल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

“याचे डोळे पमाने काढावेत, असं म्हणतात,” केतकर म्हणाले.

भाऊ अवघडले. “त्यांना सांगा, दुसरं काहीही मागा. मी शब्द दिलाय.”

केतकरांनी तेवढंच जपानीत सांगितलं. “कसला शब्द, असं विचारतात.”

“आता तरी सांगा सगळं! तुम्हाला कसली लाज वाटते?” मी केतकरांवर खेकसले.

केतकरांनी नाइलाजाने सांगितलं. बाहुलीवरची बाईंची इच्छा पुरी झाल्याशिवाय या मुलीला ब्रश मिळणार नाही, असं मालकांनी चारचौघांत सांगितलंय. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबला आणि खांदे गदगदायला लागले, अगदी त्या मंगळवारसारखे. या खेपेला मी त्यांच्या समोर उभी होते. बाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्या दिवशीही त्या हसतच होत्या.

मग घरची रीत मोडून त्या दम खात खात बोलल्या. केतकर ऐकता ऐकता प्लास्टरच्या गोणीवर बसले.

“अहो बोला की!” भाऊ म्हणाले.

“त्या म्हणतात,” केतकरांनी रुमाल काढला, “ती बाहुली त्यांनी येताना कोरीच आणली होती. इथे येऊन चार दिवस बसल्या. मराठीतलं पहिलं काही शिकल्या ते ‘अजून नाही’. कुणाला म्हणतात हे, म्हणून बघितलं, तर प्रत्येक वेळी ही मुलगी समोर असायची. चाळीस वर्षं आपण लोकांना कोरे डोळे विकले, स्वतः कधी काही मागितलं नाही. मग एका संध्याकाळी माडीवर बसून पहिल्यांदाच एक डोळा काढला. मागितलं ते हेच. या मालकांनी आपल्या हाताने या मुलीच्या हातात ब्रश द्यावा.”

 

भाऊ बोटं मोजायला लागले. “म्हणजे यांची इच्छा पुरी झाल्याशिवाय मी ब्रश देणार नाही. आणि मी ब्रश दिल्याशिवाय यांची इच्छा पुरी होणार नाही.” त्यांनी पुन्हा एकदा मोजून बघितलं. “अरे, हे तर सात जन्म असंच चालेल.”

आणि भाऊ हसले. आठ वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग ते आत गेले. हात धुऊन, डोक्यावर टोपी घालून बाहेर आले. शून्य नंबरचा ब्रश दोन्ही हातांवर ठेवून त्यांनी माझ्यापुढे धरला.

“घे.”

मी पाटासमोर बसले. ब्रश रंगात बुडवला, कडेला निथळला, मूर्तीच्या डोळ्यापाशी नेला. आणि माझा हात थरथरायला लागला. दुधीवर, पाटावर, चोरून त्या बाहुलीवर जो हात कधी हलला नव्हता, तो आता ऐकेना. मी डाव्या हाताने उजवा धरला. दोन्ही थरथरायला लागले.

“भाऊ, नाही जमत,” मी म्हटलं.

भाऊ माझ्याशेजारी खाली बसले. “आठ वर्षं याचीच वाट बघत होतो, पमे. तुझा हात कधी कापायचाच नाही. तुला भीतीच नव्हती. देवाच्या डोळ्यापाशी बसताना ज्याला भीती वाटत नाही, त्याला मी कसा बसवू? आता बस. थांबेल हात. आपोआप थांबतो.”

थांबला. कधी ते मला कळलं नाही. उजवा झाला, डावा झाला, आणि मी मान वर केली तेव्हा टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला होता.

ओकाबेबाई गुडघ्यांवर बसून मूर्तीच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी हात जोडले. कपाटातला देव साठ वर्षं बघायला मिळाला नव्हता, त्याचे डोळे त्यांच्यासमोर उघडले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “झालं.” हा चौथा शब्द त्या कधी शिकल्या कुणास ठाऊक.

बाहुली पिशवीत ठेवताना त्यांनी केतकरांकरवी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी, की दारुमा म्हणजे मुळात आपल्याच देशातून गेलेला साधू. नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसला. झोप येऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या पापण्या कापून टाकल्या, अशी तिकडे कथा आहे. म्हणून त्याचा डोळा वटारलेला. “पंधराशे वर्षं डोळा मिटला नाही बिचाऱ्याचा. तुम्ही त्याला एक पापणी दिलीत, असं म्हणतात.”

दुसरी गोष्ट ऐकून मात्र मी उडालेच. इच्छा पुरी झाली की दारुमा देवळात नेऊन जाळायचा असतो.

“जाळायचा? माझा पहिला डोळा आहे तो!”

बाईंनी शांतपणे विचारलं, “आणि तुमचे हे सगळे?” त्यांनी गोदामाकडे हात केला. पंधराशे गणपती. अठरा दिवसांनी यायची चतुर्थी, मग दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस, आणि पाणी.

पुढच्या फेब्रुवारीत केतकरांचं पाकीट आलं. आत एक फोटो होता. बाईंच्या घरातली फळी, फळीवर मी डोळे काढलेला गणपती, त्याच्यापुढे बशीत एक मुळा, आणि शेजारी दारुमा. जळालेला नाही, ठणठणीत. केतकरांनी खाली लिहिलं होतं: ‘बाई रीतीप्रमाणे देवळात घेऊन गेल्या. तिथल्या भटजींनी बाहुली हातात घेतली, डाव्या डोळ्याकडे बराच वेळ बघितलं आणि परत दिली. म्हणाले, याचा आत्ता कुठे डोळा लागतोय, इतक्यात उठवू नका.’

भाऊ गेले त्याला नऊ वर्षं झाली. आखणी आता माझ्याकडे असते. हंगामात दिवसाला साठ-साठ मूर्ती होतात, आणि हात चालू लागला की चालू लागतो. पण दर वर्षी पहिल्या मूर्तीसमोर बसले की मी ब्रश रंगात बुडवते, निथळते आणि हाताकडे बघत थांबते.

यंदाही थरथरला. मग मी कामाला लागले.